तुनं लाटनं लई ये

अमळनेरच्या शाखेत बदली झाली तेव्हा
मी एक्केचाळीस वर्षांची होते
आणि सामान मोजून चौदा खोकी.
त्यांत पोळपाट नव्हता.
पोळ्या डब्यातून यायच्या, गार,
कधी चार, कधी तीन.

गल्लीनं मला चांगलंच वागवलं.
मॅडम म्हणून.
चहा नेहमी बशीसकट,
कोकिळाताईंच्या काचेच्या कपाटातला तो एकच कप
ज्याचा कान शाबूत होता.
बाकीच्या स्टीलच्या पेल्यांतून प्यायच्या,
एकमेकींचा उष्टा, उरलेला, गार झालेला.
मला खुर्ची पुसून मिळायची.
खुर्चीवरून माणसं फार लांब दिसतात,
अगदी पायाशी फतकल मारून बसलेली असली तरी.

त्या कपाचा मला दोन वर्षं राग येत होता
आणि हे कुणाला सांगायचं तर
त्याच कपातून चहा पीत सांगावं लागलं असतं.

पहिल्या उन्हाळ्यात बोलावलं होतं त्यांनी,
पापड करतोय, बघायला या.
मी म्हणाले, मार्चअखेरची कामं अजून उरलीत.
खोटं. मी दुपारभर पंख्याखाली पडून होते,
भावाला फोन करावा का, याचा विचार करत,
आणि वर गच्चीवर सहा-सात लाटणी,
बांगड्या,
मधेच सगळ्यांचं एकदम हसू.
दुसऱ्या वर्षी बोलावलं नाही.
बरोबरच आहे.

यंदा एका रविवारी, सहाला, केवळबाईनं दार वाजवलं.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
"कोकिळानी वहू बायंतपनले गयी.
एक हात कमी पडी राह्यना.
तुनं लाटनं लई ये."

तुनं.
मी दारात तशीच, तोंडात ब्रश.
लाटणं नाही माझ्याकडे, म्हणाले.
तिनं मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"मंग इतला दिन तू खास काय?"

शमीमआपानं तिचं जुनं दिलं,
एका टोकाला जळकं.

पीठ रात्रीच कुटून ठेवलेलं, ओल्या फडक्याखाली.
झेलाबाई दोरा दातात धरून लाट्या कापत होती,
तिची नात त्या चोरून तेलात बुडवून खात होती,
एक मलाही दिली, बोटावरचं तेल चाटत,
आणि गप्प बस असं डोळ्यांनी सांगितलं.
माझा पहिला पापड
एका बाजूनं वाढला, दुसऱ्या बाजूनं रुसला.
केवळबाईनं तो उचलून उजेडात धरला.
"हाऊ पापड शे का वहीना पुठ्ठा?"

सगळ्या हसल्या. मी पण, जरा उशिरा.
किती वर्षांत मला कुणी रागावलं नव्हतं.
ऑफिसात चूक झाली की मेल येतो.
घरी चूक झाली तर
भिंत काही म्हणत नाही.

पुठ्ठा त्याच जुन्या साडीवर वाळत पडला
इतरांच्या शेजारी.
दहाला चहा आला. कप दिसला नाही.
झेलाबाईनं आपल्या पेल्यातला अर्धा
माझ्याकडे सरकवला, बोलता बोलता,
कुणाच्या तरी जावयाबद्दल काहीतरी सांगत,
आणि गोष्ट न थांबवता पुढे गेली.

मग कुणाचे पापड कधी, ते ठरू लागलं.
"येत्या रविवारी हिना," केवळबाई म्हणाली.
म्हटलं, मी एकटी, मला कशाला?
"करनारी एकटी नको.
खानारी एकटी चालस."

रात्री मनगट इतकं ठणकत होतं
की कुलूप डाव्या हातानं लावलं.
खोली होती तशीच होती.
दोन किलो उडीद लिहिले यादीत,
खाली पोळपाट,
आणि खाली, विचार करून, पेले सहा.

तो पुठ्ठा कुणाच्या डब्यात गेला, कळलं नाही.
कधीतरी भर पावसाळ्यात
कुणाच्या तरी कढईत तो पडेल,
कडेनं फुलेल, मधे कच्चा राहील,
आणि झाऱ्यावर धरून कुणीतरी म्हणेल,
हाऊ तिना शे.